वर्षाचा आढावा आधी घराचा

शाळेचं वर्ष संपलं की मुलाला समोर बसवावं, वही उघडावी आणि वर्षभरात काय जमलं, काय राहिलं, पुढच्या वर्षी काय करणार हे त्याच्याच हातानं लिहून घ्यावं, असं मी पालकसभांमधून बरीच वर्षं सांगत आले. आता सांगत नाही. मत का बदललं ते लिहिणं मला भाग आहे. माझं ऐकून ज्यांनी त्या वह्या आणल्या ती घरं इथंच आहेत, चंद्रपुरात, मूलला, सिंदेवाहीकडच्या खेड्यांत. दर एप्रिलमध्ये त्यांतलं कुणीतरी विचारतंच, मॅडम, यंदा वहीत काय लिहून घ्यायचं?

त्या सल्ल्यामागे विचार होता आणि तो अजूनही मला टाकाऊ वाटत नाही. मुलाला एखादी गोष्ट समजणं वेगळं आणि ती वेळेवर त्याच्या हातून होणं वेगळं. गणित येतं, पण वही घरी राहते. प्रकल्प कसा करायचा ते तोंडपाठ सांगता येतं, पण रविवारी रात्री दहापर्यंत कात्रीच सापडत नाही. या दुसऱ्या बाजूला लागणाऱ्या क्षमतांना मानसशास्त्रात कार्यकारी कौशल्यं म्हणतात. कॅनडातल्या अभ्यासक अ‍ॅडेल डायमंड यांनी २०१३ साली या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा लिहिला. त्यात त्यांनी या कौशल्यांचा गाभा तीन गोष्टींत सांगितला आहे: आलेली ऊर्मी आवरणं, काम चालू असताना लागणारं मनात धरून ठेवणं, आणि परिस्थिती पालटली की आपणही बेत पालटणं. नियोजन, वेळेचा अंदाज, हातातलं काम तडीस नेणं, हे सगळं या तिन्हींवर उभं राहतं. मेंदूचा जो पुढचा भाग हे काम करतो तो विशी ओलांडली तरी पक्का होत असतो. म्हणजे सहावीतल्या मुलाकडून आपण ज्या गोष्टीची अपेक्षा करतो, ती त्याच्यात अजून घडते आहे. हे समजल्यावर मला वाटलं, घडत्या गोष्टीकडे वर्षातून एकदा तरी शांतपणे पाहावं. त्यातून ती वही आली.

त्या वह्या मी वाचत असे. हळूहळू एक गोष्ट खुपू लागली. दर वर्षी तीच वाक्यं. मी वेळेवर उठेन, दप्तर रात्रीच भरेन, मोबाइल कमी पाहीन. सातवीतल्या मुलानं पाचवीत लिहिलेलंच पुन्हा लिहिलेलं असायचं, अक्षर तेवढं सुधारलेलं. सुरुवातीला मी याचा अर्थ असा लावला की घरी पाठपुरावा होत नाही. मग पाठपुराव्याचे तक्ते दिले. तेही जुलैपर्यंत भिंतीवर टिकायचे.

मग लक्षात आलं ते असं. वर्षभर मागं वळून पाहणं, त्यातलं महत्त्वाचं निवडणं, मागच्याशी तुलना करणं, पुढचा बेत आखणं आणि तो दहा महिने लक्षात ठेवणं, या कामाला तीच कौशल्यं लागतात जी त्या मुलाकडे अजून कच्ची आहेत. ज्याची ती पक्की आहेत त्याला वही छान लिहिता येते, आणि त्याला वहीची गरज नसते. ज्याची कच्ची आहेत तो समोर बसलेल्या आई-बाबांचा चेहरा वाचतो आणि त्यांना काय हवं ते लिहितो. आढावा म्हणून आपण जे घेत होतो ती मोठ्यांना खूश करण्याची परीक्षा होती.

रसेल बार्कली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. लक्ष टिकवण्याच्या अडचणी असलेल्या, म्हणजे एडीएचडीच्या मुलांवर त्यांनी अनेक दशकं काम केलं. त्यांचं एक सांगणं मला आधीपासून माहीत होतं, पण ते मी माझ्याच वहीला लावून पाहिलं नव्हतं. या मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं. ठाऊक असलेलं त्या क्षणी करणं अडतं. म्हणून मदत त्या क्षणी आणि त्याच जागी पोचायला हवी. दप्तर विसरण्याची जागा दारापाशी आहे, वेळ सकाळी पावणेसातची. मेमध्ये पंख्याखाली बसून लिहिलेली वही त्या जागेपासून आणि त्या वेळेपासून जितकी लांब असू शकते तितकी लांब आहे.

आमच्याकडे १ मेला निकाल हातात पडतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. जवळपास दोन महिने मूल पूर्णपणे घराचं असतं. शहरात हे दिवस शिबिरांचे. जंगलाकाठच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मेमध्ये तेंदूपत्ता. पहाटे माणसं जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानांची ओझी घेऊन परततात, आणि दुपारभर सगळं घर सावलीत बसून पुडे बांधतं. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पानांच्या खरेदीच्या जागी न्यायचे, मोजून द्यायचे.

सहावीतली एक मुलगी होती. वर्गात तिची वही कधी पूर्ण नसे, सांगितलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नसे. मी तिच्या आईला वहीच्या तीन रकान्यांबद्दल समजावत होते. ती बाई शांतपणे म्हणाली, “लिहून का होते जी? घरी तर तिच्याच भरवशावर पुडे बांधतो आमी.” मी चौकशी केली तेव्हा कळलं, पानांच्या कुठल्या ढिगातले पुडे बांधून झाले, कुठल्यातले राहिले हे सगळं त्या पोरीकडे असे. मधे धाकट्याला झोपवायचं, उठून पाणी द्यायचं, परत येऊन मोजणी जिथं सोडली तिथून धरायची. फळीवर आकडा बापाला तीच सांगायची.

ही गोष्ट ऐकली की लोक चटकन म्हणतात, बघा, जंगल मुलांना घडवतं, शाळेला काय कळतं. मी तसं म्हणणार नाही. मी एप्रिलमधली रिकामी बाकं पाहिली आहेत. हंगामाला गेलेली आणि जूनमध्ये परत न आलेली मुलं पाहिली आहेत. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. त्या जंगलात मूल पाठवावं असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पोट भरण्यासाठी मुलाचे हात लागावेत ही गरिबी आहे, तिला शिक्षणपद्धती म्हणू नये.

तरीही तिच्या आईच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दुपारच्या सावलीत असं काय होतं जे वर्गात नव्हतं, हा प्रश्न उरलाच. मी शोधत गेले तसं दिसलं की तिथं आठवण कामाच्या आतच होती. ७० पानं झाली की बांधायचं. कुणी ओरडावं लागत नाही. चूक झाली तर संध्याकाळच्या आत कळते, वर्षाच्या शेवटी नाही. आणि तिच्या मोजणीवर बाकीचे विसंबून होते, खरोखर विसंबून. तिचं काम पुन्हा तपासणारं मागं कुणी बसलेलं नव्हतं. माझ्या वर्गात आणि माझ्या सल्ल्यात यांतलं एकही नव्हतं.

खरं तर या मातीत हे नवं नाही. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली तिच्यातून हातच्या कामातून शिकवणारी नई तालीम निघाली, आणि पुढे सेवाग्रामच्या शाळेत मुलं पाळीपाळीनं स्वयंपाकघर सांभाळत, सुताचा आणि धान्याचा हिशेब ठेवत. डी.एड.ला आम्ही हे सगळं पाठ केलं, त्यावर गुण मिळवले. पुढे कार्यानुभवाच्या तासाला मात्र पुठ्ठ्याची घरं करून घेतली.

दुसरा धक्का एका प्रयोगानं दिला. मुलासमोर गोड पदार्थ ठेवायचा, आता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन, असं सांगून खोलीबाहेर जायचं. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला हा प्रयोग पुष्कळांना माहीत असतो. पालकसभेत मी तो हमखास सांगे. थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी होतात, हे त्याचं तात्पर्य म्हणून. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून तो संबंध पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो बराच कमी भरला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी विरला. पण मला हलवलं ते रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या छोट्या अभ्यासानं. मुलं होती फक्त २८. गोड पदार्थाच्या आधी त्यांनी मुलांना चित्रं काढायला बसवलं. थोडं थांब, चांगले रंग घेऊन येते, असं मोठी व्यक्ती सांगून गेली. निम्म्यांना रंग आणून दिले. निम्म्यांना येऊन सांगितलं, अगं, नाहीयेत. स्टिकरच्या बाबतीतही तसंच. मग नेहमीचा प्रयोग. ज्यांच्याबाबत शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्याबाबत मोडला ती तीन.

एवढ्याशा अभ्यासावर फार मोठी इमारत बांधू नये हे मी जाणते. पण हे वाचल्यावर मला आमची घरं दिसली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात, कोळशाच्या खाणीत पाळ्यांवर जाणारे बाप दिसले. रविवारी रामाळा तलावावर नेतो म्हणालेले, आणि रविवारी दुसऱ्याच्या जागी पाळी करावी लागलेले. तेंदूची मजुरी आली की सायकल घेऊ असं सांगितलेली आई दिसली, जिची मजुरीच ठेकेदाराकडे महिनोनमहिने अडकली. अशा घरातलं मूल हातात आलेला रुपया लगेच खर्च करतं तेव्हा त्याला संयम नाही असं आपण प्रगतीपुस्तकात लिहितो. त्याचा अनुभव त्याला सांगतो की थांबून काही मिळत नसतं. ते मूल त्या अनुभवानुसार शहाणपणानं वागतं आहे. त्याच्या आईचा शब्द तिनं मोडलेला नाही. तो तिच्याकरवी दुसऱ्यानंच मोडला आहे. हे समजल्यावर ‘संयम वाढवावा’ हा शेरा माझ्या हातून लिहवेना.

आमच्या घरातही आम्ही दोघं सहज बोलून जात होतो. पुढच्या महिन्यात बघू, परीक्षा झाली की नक्की. मुलाच्या वर्षाचा आढावा घ्यायला बसण्याआधी आपण त्याला दिलेल्या शब्दांचा आढावा घ्यावा, हे मी प्रथम नवऱ्यासमोर बोलले. त्यांना ते पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा मात्र त्यांनी एक साधा नियम केला: जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही, ‘प्रयत्न करतो’ असंच म्हणायचं, आणि जे नक्की म्हटलं ते पाळीवर पाणी सोडूनही करायचं. त्यामुळे आमच्या घरात ‘नक्की’ हा शब्द फार कमी ऐकू येतो.

त्याच उन्हाळ्यात, ज्यावर घर खरोखर विसंबून आहे असं एक काम मुलाच्या हाती जावं म्हणून आम्ही त्याच्याकडे कूलर दिला. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. पारा ४५-४६च्या घरात जातो, रात्रीही भिंती तापलेल्या. टाकीत पाणी नसेल तर घरात कुणी झोपत नाही, आणि कोरडा चालला तर पंप जळतो. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणजे रात्रीचा विचार सकाळी करावा लागतो. कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. म्हणून पहिला नियम: आधी प्लग काढायचा, मग पाइप हातात. नऊ वर्षांच्या मुलाला हे काम मी देणार नाही. मुलगा तेराचा होता, आणि पहिले काही दिवस त्याचे बाबा शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून.

या एका कामात डायमंडबाईंच्या तिन्ही गोष्टी आहेत. घाई असली तरी प्लगसाठी थांबणं. टाकी किती उरली, नळ कधी येणार हे मनात ठेवणं. पाणी आलंच नाही तर दुपारी पिंपातलं काढायचं की रात्री एकाच खोलीत सगळ्यांनी झोपायचं हे ठरवणं. पण मी सांगते आहे ते मुलाच्या प्रगतीबद्दल नाही. अवघड गेलं ते आम्हाला. एका रात्री तो विसरला. मला संध्याकाळीच दिसलं होतं, आणि मी गप्प राहिले. अडीचला सगळे जागे. कुणी काही बोललं नाही. बोलायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. सकाळी त्यानं स्वतः टाकीच्या आतल्या बाजूला रेघ मारली आणि नळाच्या खांबाला एक चिंधी बांधली, भरलं की गाठ उजवीकडे, राहिलं की डावीकडे. बार्कली म्हणतात ती जागेवरची आठवण त्यानंच तयार केली होती. मी दिलेला तक्ता असता तर तो स्वयंपाकघरात असता.

प्रत्येक मुलाचं असं होतं असा माझा दावा नाही. ज्या मुलांच्या अडचणी खोल आहेत त्यांना नुसतं काम सोपवून भागत नाही. त्यांच्याजवळ मोठ्यानं जास्त काळ उभं राहावं लागतं, कधी डॉक्टरची मदत घ्यावी लागते, आणि त्यांच्या विसरण्याची रात्रभर किंमत त्यांना मोजायला लावणं हा क्रूरपणा होईल. पण त्यांच्याही बाबतीत आढाव्याचा प्रश्न तोच राहतो. आम्ही मोठ्यांनी यंदा कुठं उभं राहायचं ठरवलं, आणि तिथं उभे राहिलो का?

तरी घरानं एकत्र बसून बोलावं हे मला सोडवत नव्हतं. कसं बसावं याचं उत्तर मला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाबद्दल वाचताना मिळालं. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गोंड गावानं २००९ साली मिळवला, आणि २०११च्या एप्रिलमध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बहुतेक जण गावाचा एवढा विजय सांगतात. मला त्यामागची बैठकीची रीत जास्त मोलाची वाटते. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, एकाचाही विरोध असला तर थांबतात. आणि निर्णयाच्या सभेहून अभ्यासगट वेगळा ठेवलेला आहे. अभ्यासगटात कुणीही यावं, काहीही विचारावं, तिथं काहीही ठरवायचं नसतं. समजून घेणं हेच तिथलं काम. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत अनेक वर्षं जपली.

माझ्या वहीत हे दोन्ही एकत्र कालवलेलं होतं. मुलानं काय अडलं ते सांगायला तोंड उघडलं की पुढच्याच ओळीत त्याला शपथ घ्यावी लागे. मग खरं कोण सांगेल? आता आम्ही मेच्या सुरुवातीला बसतो तेव्हा काहीच ठरवत नाही. घरातला दिवस कुठं अडखळतो एवढंच बोलतो. सकाळी दारापाशी, रात्री आठला जेवणाच्या वेळी, महिन्याच्या शेवटी पैसे संपताना. त्यात मोठ्यांचं अडखळणंही येतं, वीजबिल विसरलेलं येतं. कोणतं काम यंदा खरोखर हातातून हातात गेलं आणि तिथंच राहिलं, कोणतं दिलं म्हणालो आणि मागून पुन्हा करत बसलो, हे येतं. कोणता शब्द पाळला, कोणता नाही, हे मुलं सांगतात आणि आम्ही ऐकतो. हे ऐकणं सोपं नाही. निर्णयासाठी आठवड्यानं पुन्हा बसायचं, आणि कुणा एकाचं मन नसेल तर तो निर्णय करायचा नाही. मुलाचंही मन त्यात मोजायचं.

पालकसभेत हे मांडू लागले तेव्हा एक वेगळीच गोष्ट पुढं आली आणि ती आता माझ्या डोक्यातून जात नाही. कामं सोपवा असं म्हटलं की बाया हसतात. त्यांच्या मुलींकडे कामं आधीच आहेत. पाणी, भांडी, धाकटी भावंडं, पोळ्या. दहा-अकरा वर्षांच्या मुली एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून घर चालवतात, आणि त्याला कुणी कौशल्य म्हणत नाही, वळण म्हणतात. त्यांच्या भावांकडे काम जात नाही, आणि त्यांच्याकडे निर्णय जात नाही. भाजी ती निवडते, पण कोणती आणायची ते ती ठरवत नाही. धाकट्याला ती सांभाळते, पण आज शाळेत कुणी जायचं आणि घरी कुणी थांबायचं हे दुसरंच कुणी ठरवतं. बेत आखायची संधी नसेल तर हाताखाली राबणंच वाढतं. त्या सहावीतल्या मुलीकडे मोजणी होती. मजुरीच्या पैशाचं काय करायचं या बोलण्यात ती नव्हती. तेव्हा मला हे दिसलं नव्हतं, म्हणून तिच्या आईला मी ते विचारलंही नाही.

म्हणून यंदाच्या सभेत मी वही मागणार नाही आणि तक्ताही देणार नाही. प्रत्येक घराला दोनच गोष्टी विचारणार आहे, मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल वेगवेगळ्या: यंदा त्याच्या हाती कोणतं काम गेलं, आणि तिच्या हाती कोणता निर्णय. आमच्या घरापुरतं एक ठरलं आहे. जूनमधली शाळेची खरेदी, वह्या, गणवेश, चपला, पावसाळ्याचं दप्तर, यांचे पैसे मुलीकडे राहतील. यादी ती करेल, दुकान ती निवडेल, उरले तर काय करायचं तेही ती सांगेल. मुलानं त्या महिनाभर रात्रीची भांडी घासावीत असं पुढं आलं आहे. याला त्याचं मन अजून पुरतं तयार नाही, त्यामुळे या रविवारी पुन्हा बसायचं आहे.